सत्र न्यायालयापासून हेगपर्यंत : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

आंतरराष्ट्रीय फौजदारी कायदा आणि मानवी हक्क या क्षेत्रांतील वकिलीबद्दल विचारणा करणारी बरीच पत्रे गेल्या दोन महिन्यांत आली. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडक्यात दिली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मी पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षाला आहे. शाळेत असताना कुलभूषण जाधव प्रकरणात हरीश साळवे यांनी हेग येथे केलेला युक्तिवाद टीव्हीवर पाहिला आणि तेव्हापासून वंशसंहार, युद्धगुन्हे अशा खटल्यांत वकील म्हणून उभे राहण्याची इच्छा आहे. आमचे एक सर म्हणतात की भारत त्या न्यायालयाचा सदस्यच नाही, तेव्हा हा नाद सोडून द्यावा. सरांचे म्हणणे बरोबर आहे का? (एक विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : सरांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि उरलेले अर्धे तुमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ही गल्लत कायद्याच्या विद्यार्थ्यांकडूनच नव्हे तर वकिलांकडूनही होते. हेग शहरात दोन वेगळी न्यायालये आहेत. साळवे ज्या न्यायालयापुढे उभे राहिले ते आंतरराष्ट्रीय न्यायालय. तेथे पक्षकार म्हणून फक्त देश येतात, आरोपी नसतो आणि शिक्षाही होत नाही. जाधव प्रकरणातील वाद होता तो पाकिस्तानने 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या 36 व्या कलमाचा (अटकेतील परदेशी नागरिकाला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क करू देण्याच्या तरतुदीचा) भंग केला किंवा नाही एवढाच, आणि 17 जुलै 2019 रोजी न्यायालयाने भंग झाल्याचा निर्वाळा दिला. या न्यायालयाच्या व्यवस्थेत भारत सुरुवातीपासून आहे. पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले न्या. दलवीर भंडारी 2012 मध्ये तेथे न्यायाधीश म्हणून निवडून गेले.

तुम्हाला ज्या खटल्यांत काम करायचे आहे ते खटले चालतात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात. त्याची स्थापना करणारा करार रोममध्ये 17 जुलै 1998 रोजी मंजूर झाला. 120 देशांनी बाजूने आणि 7 देशांनी विरोधात मत दिले, तर 21 देश तटस्थ राहिले. भारत या तटस्थ देशांपैकी होता. सुरक्षा परिषदेला खटले सोपवण्याचा किंवा थांबवण्याचा अधिकार देणे भारताला मान्य नव्हते, आणि दहशतवाद व अण्वस्त्रांचा वापर हे विषय करारातून वगळल्याबद्दलही भारताची तक्रार होती. या आक्षेपांत तथ्य होते असे माझे मत आहे. तरीही पंचवीस वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिल्याने आपल्या वकिलांचे आणि अभ्यासकांचे नुकसान झाले, हेही तितकेच खरे आहे.

या बाहेर राहण्याचा परिणाम असा की त्या न्यायालयात भारतीय नागरिक न्यायाधीश होऊ शकत नाही, कारण उमेदवार सदस्य देशाचा नागरिक असावा अशी करारातच अट आहे. कायम नोकऱ्यांतही सदस्य देशांच्या नागरिकांना प्राधान्य मिळते. आरोपीचे किंवा पीडितांचे वकील म्हणून उभे राहण्यासाठी मात्र नागरिकत्वाची अट नाही. न्यायालयाच्या वकिलांच्या यादीत नाव येण्यासाठी फौजदारी कामाचा किमान दहा वर्षांचा अनुभव, इंग्रजी किंवा फ्रेंच या दोनपैकी एका भाषेवर प्रभुत्व आणि स्वच्छ चारित्र्य लागते. पाच वर्षांच्या अनुभवावर त्या वकिलांच्या साहाय्यकांच्या यादीत नाव घालता येते. शिवाय हेग हे एकच ठिकाण नाही. सीरियातील गुन्ह्यांचे पुरावे गोळा करण्यासाठी 2016 मध्ये आणि म्यानमारसाठी 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वतंत्र यंत्रणा उभारल्या. त्या जिनिव्हातून काम करतात आणि संयुक्त राष्ट्रांच्या नोकऱ्या भारतीयांना खुल्या आहेत. आपला शेजारी बांगलादेश आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य आहे, आणि त्याच आधारावर म्यानमारमधून झालेल्या रोहिंग्यांच्या हकालपट्टीचा तपास करण्याची परवानगी न्यायालयाने 2019 मध्ये दिली. म्हणजे हे काम आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेले आहे.

तेव्हा नाद सोडू नका. पदवीनंतर सनद घ्या आणि निदान पाच वर्षे येथल्या फौजदारी न्यायालयात काढा. हे मी एवढ्या आग्रहाने का सांगतो ते पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : मी गेली सात वर्षे जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. कामकाज बहुतेक मराठीत चालते. इंग्रजी वाचता येते, बोलताना अडखळतो. माझ्या कामाचा आणि आंतरराष्ट्रीय खटल्यांचा काही संबंध असू शकतो का, की ते क्षेत्र परदेशात शिकलेल्यांचेच आहे? (एक वकील, बीड)

उत्तर : आपल्या पत्रात जो संकोच आहे तो दूर व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा पहिला खटला काँगोमधील थॉमस लुबांगा याच्यावर चालला. पंधरा वर्षांखालील मुलांना सैन्यात भरती करून लढाईत वापरल्याचा आरोप त्याच्यावर होता. जानेवारी 2009 मध्ये पहिला साक्षीदार आला. तो स्वतः बालसैनिक होता असे अभियोग पक्षाचे म्हणणे होते. सकाळी त्याने साक्ष दिली आणि त्याच दिवशी ती मागे घेतली. पुढे 14 मार्च 2012 च्या निकालपत्रात न्यायाधीशांनी अनेक मुलांच्या साक्षी अविश्वसनीय ठरवल्या. तपास अधिकाऱ्यांनी साक्षीदार शोधण्याचे काम स्थानिक मध्यस्थांवर सोपवले होते, त्यांच्यावर पुरेशी देखरेख ठेवली नव्हती, आणि काही मध्यस्थांनी साक्षीदारांना पढवले असण्याची शक्यता न्यायालयाला नाकारता आली नाही. लुबांगाला इतर पुराव्यावर शिक्षा झाली, पण खटल्याचा तो भाग कोसळला. हे वाचताना आपल्यासारख्या वकिलाला काही नवीन वाटणार नाही. फितूर साक्षीदार, पढवलेला पंच, तपास अंमलदाराने दुसऱ्याकडून लिहून घेतलेला जबाब, हे सारे आपण आठवड्यातून दोनदा पाहता. कायद्याची कलमे पुस्तकातून शिकता येतात. साक्षीदार कोणत्या क्षणी खरे बोलतो आणि कोणत्या क्षणी सांभाळून बोलतो हे ओळखण्याची नजर पिंजऱ्याजवळ उभे राहूनच येते.

दुसरे उदाहरण मला त्याहून मोलाचे वाटते. रवांडातील 1994 च्या वंशसंहारासाठी संयुक्त राष्ट्रांनी स्थापन केलेले न्यायाधिकरण टांझानियातील अरुशा येथे बसत असे. ताबा नावाच्या भागाचा प्रमुख ज्याँ-पॉल अकायेसू याच्यावर तेथे जानेवारी 1997 मध्ये खटला सुरू झाला. मूळ दोषारोपपत्रात लैंगिक अत्याचाराचा एकही आरोप नव्हता. एक साक्षीदार स्त्री वेगळ्याच मुद्द्यावर साक्ष देत असताना आपल्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केल्याचे बोलून गेली. तीन न्यायाधीशांच्या पीठात नवनीतम पिल्लई या एकट्या स्त्री न्यायाधीश होत्या. तमिळ वंशाच्या, दक्षिण आफ्रिकेत वाढलेल्या आणि वर्णद्वेषी राजवटीत डर्बनच्या न्यायालयांत वकिली केलेल्या. न्यायाधीशांनी तो धागा सोडला नाही, प्रश्न विचारले, पुढच्या साक्षीदार स्त्रियाही बोलू लागल्या, आणि जून 1997 मध्ये दोषारोपपत्रात दुरुस्ती झाली. 2 सप्टेंबर 1998 च्या निकालाने बलात्कार हे वंशसंहाराचे साधन असू शकते हे प्रथमच कायद्यात प्रस्थापित केले. त्या दिवशी कोणी ‘हा मुद्दा दोषारोपात नाही’ म्हणून साक्षीदाराला थांबवले असते, तर जगाचा कायदा आहे तेथेच राहिला असता.

त्याच निकालपत्रात भाषेविषयीची काही पाने आहेत, ती आपण अवश्य वाचावीत. साक्षी किन्यारवांडा भाषेत होत होत्या आणि फ्रेंच व इंग्रजीत जात होत्या. बलात्कारासाठी साक्षीदार स्त्रिया कोणते शब्द वापरतात, ‘इन्येन्झी’ म्हणजे झुरळ हा शब्द कोणाला उद्देशून आणि कोणत्या अर्थाने उच्चारला जात होता, यावर न्यायाधीशांनी काळजीपूर्वक विवेचन केले आहे. ही पाने वाचताना मला माझ्याच एका अपिलाची आठवण झाली. खालच्या न्यायालयात फिर्यादी स्त्रीने साक्षीत सांगितले होते, ‘त्यानं माझा हात धरला.’ पेपर बुकसाठी, म्हणजे अपिलाच्या कागदपत्रांच्या संचासाठी, इंग्रजी भाषांतर करताना त्याचे ‘त्याने माझा हात हातात घेतला’ अशा अर्थाचे वाक्य झाले. आरोपीच्या वकिलांनी त्यावर नेमके बोट ठेवले की हात हातात घेण्यात विनयभंग कोठे आला? आम्ही मूळ मराठी साक्ष पुढे केली. गावातली स्त्री भर न्यायालयात परक्या पुरुषाविषयी ‘हात धरला’ म्हणते तेव्हा ती काय सांगते आहे हे मराठी माणसाला समजावून द्यावे लागत नाही. न्यायमूर्तींनी मूळ पान मागवून घेतले, पुढची दोन वाक्ये स्वतः वाचली आणि तो मुद्दा तेथेच संपला. बोलीतल्या साक्षीतून नेमका अर्थ राखून ती परक्या भाषेतल्या न्यायाधीशापर्यंत पोहोचवणे हे आंतरराष्ट्रीय खटल्यांतील फार मोठे काम आहे आणि आपण ते रोज करत आहात.

इंग्रजी मात्र सुधारावे लागेल, त्यात आडमार्ग नाही. रोज एका निकालपत्राची दहा पाने मोठ्याने वाचा आणि आपल्या एखाद्या खटल्याचा लेखी युक्तिवाद दर महिन्याला इंग्रजीत लिहून ज्येष्ठांकडून तपासून घ्या. वर्षभरात फरक पडलेला आपल्यालाच जाणवेल.

प्रश्न : माझ्या मुलीला कायद्याची पदवी मिळताच नेदरलँड्स किंवा इंग्लंडमध्ये जाऊन या विषयात एलएल.एम. करायचे आहे. त्यासाठी घर तारण ठेवावे लागेल. पुढे नोकरी मिळण्याची खात्री आहे का? (एक पालक, सांगली)

उत्तर : खात्री नाही, आणि कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. लायडन, गॉलवे, एसेक्स, जिनिव्हा येथील शिक्षण उत्तम आहे, पण शुल्क आणि राहण्याचा खर्च मिळून आकडा पंचवीस-तीस लाखांच्या घरात सहज जातो. शिक्षणानंतरची पहिली पायरी बहुतेकदा प्रशिक्षणार्थी म्हणून काम करण्याची असते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात अशा कामाला वेतन मिळत नाही. जिनिव्हासारख्या महागड्या शहरात सहा महिने बिनपगारी राहणे श्रीमंतांच्या मुलांनाच परवडते. या क्षेत्रातील हा मोठा अन्याय आहे आणि तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्यानंतरच्या नेमणुकाही अनेकदा वर्ष-सहा महिन्यांच्या असतात. रवांडाचे न्यायाधिकरण 2015 मध्ये आणि युगोस्लाव्हियाचे 2017 मध्ये बंद झाले, तेव्हा अनुभवी वकिलांनाही नव्याने काम शोधावे लागले. 2025 मध्ये अमेरिकेने आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्यांवर आणि काही न्यायाधीशांवर निर्बंध लादले, तेव्हा या नोकऱ्यांवर राजकारणाची छाया असतेच.

म्हणून घर तारण ठेवू नका. मुलीने आधी दोन-तीन वर्षे येथे काम करावे आणि मग शिष्यवृत्तीवर जावे. ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. आपले कुटुंब अनुसूचित जातीचे असेल तर राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात दर वर्षी न चुकता पाहा. जे. एन. टाटा एंडोमेंट 1892 पासून परदेशी शिक्षणासाठी मदत करते, पण ती कर्जाऊ असते हे लक्षात ठेवा. अनुभव घेऊन गेलेल्या मुलीला वर्गातही अधिक कळते, हा माझ्या ओळखीतल्या अनेक तरुण वकिलांचा अनुभव आहे.

प्रश्न : वंशसंहाराच्या आरोपीचे वकीलपत्र घेणे एखाद्या विचारी माणसाला शोभते का? पीडितांच्या बाजूनेच काम करावे असे वाटते. (एक विद्यार्थी, अमरावती)

उत्तर : पीडितांच्या बाजूने काम करावे असे वाटणे स्वाभाविक आहे आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात पीडितांना स्वतंत्र वकील देण्याची सोयही आहे. तरीही आरोपीच्या वकिलाकडे कमीपणाने पाहू नका. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेम्बर्गच्या मुख्य खटल्यात तीन आरोपी निर्दोष सुटले होते. रवांडाच्या न्यायाधिकरणाने 14 जणांना निर्दोष सोडले. हे सर्व आरोपी अटकेच्या दिवशी जगाच्या दृष्टीने नराधमच होते. आरोपीला कसून बचाव करणारा वकील मिळाला नाही, तर जे दोषी ठरतात त्यांच्यावरील शिक्षेलाही पुढे ‘जेत्यांचा न्याय’ म्हणून हिणवले जाते. जपानी नेत्यांवरील टोकियो खटल्यातील भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांच्या भिन्नमत निकालपत्राचा मुख्य आक्षेप हाच होता. त्यांचे सर्व निष्कर्ष मला पटत नाहीत, पण त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न टाळून या क्षेत्रात कोणालाही पुढे जाता येणार नाही. अमरावतीतच अनुभव घ्यायचा असेल तर लोकअभिरक्षक कार्यालयात जा आणि ज्यांना वकील लावण्याची ऐपत नाही अशा आरोपींच्या फायली हाताळा.

प्रश्न : मला परदेशी जायचे नाही. महाराष्ट्रात राहून मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कायद्याचा उपयोग प्रत्यक्ष खटल्यांत होतो का? (एक वकील, नांदेड)

उत्तर : होतो, आणि व्हावा तितका होत नाही याची खंत आहे. पहिल्यांदा हा कायदा परका आहे ही समजूत मनातून काढून टाका. 1948 च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकणारी इंग्रजी शब्दरचना बदलून ‘सर्व माणसे’ असा अर्थ स्पष्ट करणारी रचना यावी यासाठी हंसा मेहता यांनी आग्रह धरला. त्या आपल्या मुंबई प्रांताच्या विधिमंडळात बसलेल्या आणि संविधान सभेत काम केलेल्या होत्या.

नागरी व राजकीय हक्कांचा करार भारताने 10 एप्रिल 1979 रोजी स्वीकारला. व्यक्तीला जिनिव्हातील समितीकडे थेट तक्रार करू देणारा त्याचा पूरक करार मात्र स्वीकारला नाही, त्यामुळे आपला पक्षकार तेथे जाऊ शकत नाही. छळविरोधी करारावर आपण 1997 मध्ये सही केली, पण तो अद्याप अनुसमर्थित, म्हणजे बंधनकारक म्हणून मान्य, केलेला नाही. मात्र येथल्या न्यायालयांनी वाट काढली आहे. विशाखा प्रकरणात 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा करार आधाराला घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्या वेळी देशात त्यासाठी कायदाच नव्हता. रिट याचिकेत करारांची कलमे नेमकेपणाने मांडली तर न्यायालये ती ऐकतात.

तुमच्या हाताशी सर्वांत उपयोगी पडतील ती संयुक्त राष्ट्रांची दोन मार्गदर्शक पुस्तके : संशयास्पद मृत्यूच्या तपासासाठीचा मिनेसोटा प्रोटोकॉल आणि छळाच्या खुणांची नोंद कशी करावी हे सांगणारा इस्तंबूल प्रोटोकॉल. कोठडीतील मृत्यूच्या एका प्रकरणात मी मृताच्या आईच्या वतीने काम केले. ठाण्याच्या स्टेशन डायरीत नोंद होती की रात्री 11.40 वाजता आरोपीने छातीत दुखत असल्याचे सांगितले, म्हणून त्याला दवाखान्यात नेले. माझ्या कनिष्ठ सहकारी वकिलाने मिनेसोटा प्रोटोकॉलमधील सूचना वाचून प्रत्येक कागदावरची वेळ एका मोठ्या तक्त्यात मांडली, आणि दवाखान्याच्या अपघात विभागाच्या नोंदवहीत तोच माणूस 10.55 वाजता मृतावस्थेत आणल्याची नोंद सापडली. पाऊण तासाच्या त्या फरकाचे उत्तर शेवटपर्यंत कोणाला देता आले नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत तो तक्ताच आमचा मुख्य आधार ठरला.

राज्य मानवी हक्क आयोग 2001 पासून काम करतो. तेथे तक्रारीला शुल्क नाही, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत जावे लागते आणि आयोग शिफारस करतो, हुकूम देत नाही. म्हणून आयोगाकडील तक्रार आणि उच्च न्यायालयातील याचिका यांपैकी कशाचा उपयोग होईल हे पक्षकाराच्या गरजेनुसार ठरवा.

एक उणीव मात्र वकिलाच्या कौशल्याने भरून निघणारी नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2018 रोजी 1984 च्या शीखविरोधी हत्याकांडातील सज्जन कुमार खटल्याच्या निकालात लिहिले की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार हे आपल्या फौजदारी कायद्यात गुन्हे म्हणून अंतर्भूतच नाहीत आणि ही त्रुटी तातडीने दूर व्हायला हवी. वंशसंहारविरोधी करार तर भारताने 1959 मध्येच स्वीकारला होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी तिच्यातही हे गुन्हे आलेले नाहीत. नवी संहिता लिहिली जात असताना ही संधी हातून गेली, याचे मला फार वाईट वाटते. शेकडो माणसे ठरवून मारली जातात तेव्हाही आपण खुनाच्या सुट्या सुट्या फायली चालवतो, आणि त्यामागचा कट व त्याला मिळालेले पाठबळ कोणत्याच फायलीत पूर्णपणे येत नाही. तुमच्या जिल्ह्याच्या वकील संघात या विषयावर ठराव मांडून तो विधी आयोगाकडे पाठवता येईल. मसुदा करण्यास मी मदत करेन.

प्रश्न : फ्रेंच शिकावी का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : शिकावी, आणि पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच. इंग्रजीबरोबर फ्रेंच ही आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाची कामकाजाची भाषा आहे आणि काँगो, माली, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक येथून आलेल्या खटल्यांची पुष्कळ कागदपत्रे फ्रेंचमध्येच असतात. पुण्यात अलियाँस फ्रान्सेझ आहेच. बी-2 पातळी (भाषा स्वतंत्रपणे वाचता-बोलता येण्याची) गाठेपर्यंत शिकणे सोडू नका, आणि मग अकायेसू निकालपत्राची फ्रेंच व इंग्रजी प्रत शेजारी ठेवून भाषेविषयीची ती पाने दोन्हीकडून वाचून पाहा.